इथं डॉक्टर कुठं बसतात?

नव्या वस्तीत राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात दूधवाला ठरवतो, गॅसचं बघतो, नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारी विचारून ठेवतो. दवाखाना मात्र तो शोधत नाही. तो आजारी पडल्यावर शोधायचा असतो, म्हणजे शोधायचं त्राण अंगात नसतं तेव्हा. मग रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या मेडिकलपुढं, पुढचं गिऱ्हाईक हटेपर्यंत थांबून, जरा खालच्या आवाजात प्रश्न येतो, ‘इथं डॉक्टर कुठं बसतात?’ मेडिकलवाला गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापता कापता मान वर न करता विचारतो, ‘काय होतंय?’ ताप म्हटलं की चार गोळ्या कागदी पाकिटात पडतात, पाकिटावर पेनानं सकाळ-संध्याकाळच्या रेघा ओढल्या जातात, आणि डॉक्टरांचा विषय उद्यावर जातो. वाकड असो, वाळूज असो की अंबरनाथ, वाढत्या शहराच्या कडेला हे रोज चाललेलं असतं. मेडिकलवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला विचारायला केस पेपर लागत नाही, ओळख लागत नाही, आणि तो रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. शहराचं आरोग्य खातं कितीही मोठं असो, नवख्या माणसापुरतं ते या काउंटरएवढंच असतं.

आरोग्याबद्दल बोलताना आपण खाटा मोजतो, डॉक्टर मोजतो, यंत्रं मोजतो. ही खाट कुणाला सापडते, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही. दवाखाना आहे म्हटलं की तो सगळ्यांना आहे असं धरून चालायचं, आणि ज्याला सापडला नाही त्यानं चौकशी कमी केली असं म्हणायचं, ही आपली रीत. मला ती उलटी वाटते. सापडणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे. ते काम आजारी आणि परक्या माणसानं करायचं, की ज्याला शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक आहे त्या शहरानं, एवढाच मुद्दा आहे.

पुण्याचं उदाहरण घेऊ, कारण इथं दवाखान्यांची वाण आहे असं कुणी म्हणणार नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभं राहिलेलं ससून आज बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, म्हणजे ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडं. कमला नेहरू आणि साथीच्या रोगांसाठी नावाजलेलं नायडू पुणे महापालिकेकडं. नदी ओलांडून गेलं की वायसीएम, ते पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. बिबवेवाडीला कामगार विम्याचं रुग्णालय, वानवडीला लष्कराचं, रेल्वेचं आणखी वेगळं. रुग्णाच्या तोंडी मात्र या सगळ्यांना एकच नाव, ‘सरकारी’. आता १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. बातमी वाचून एखादा ससूनला गेला आणि खिडकीवर पावती फाडायची वेळ आली, तर त्याला वाटणार की कारकून आपल्याला बनवतोय. कारकून बरोबर असतो, कारण तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी नव्हताच. आणि रुग्णही बरोबर असतो, कारण कुठल्या इमारतीवर कुठल्या खात्याची मालकी आहे हे पाठ करून आजारी पडायचं, असा नियम कुणी त्याला सांगितलेला नसतो.

बरं, नवखं होण्यासाठी गाव सोडावंच लागतं असंही नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. पुढं त्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तिथल्या म्हातारीनं आयुष्यात घर बदललेलं नाही, पण कधी जिल्हा परिषदेचं, कधी महापालिकेचं आणि कधी आणखी कुणाचं, असं तिच्या घरावरचं छत्र हलत राहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्र जागच्या जागी असतं, तिथल्या नर्सबाईही त्याच असतात. ‘हे आमच्याकडं येत नाही’ हे वाक्य मात्र आज कुठल्या कचेरीत ऐकायला मिळेल, ते सांगता येत नाही. हिंजवडीला उंच काचेच्या इमारती आहेत आणि कारभार ग्रामपंचायतीचा आहे. तिथं मुलाकडं राहायला आलेले लातूरचे किंवा अकोल्याचे आई-वडील रक्तदाबाच्या गोळ्या गावाहून तीन-तीन महिन्यांच्या मागवतात, कारण इथला डॉक्टर कोण, हे सुनेला विचारायचं त्यांच्या जिवावर येतं आणि सुनेलाही ते माहीत नसतं.

सवलतींचंही तसंच. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं मान्य केलेली ही योजना २००६ पासूनची आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. बाहेरून आलेल्याचं रेशन कार्ड गावी, आईच्या ट्रंकेत, आणि तहसीलदार दोनशे किलोमीटरवर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत याचा थोडा विचार झालेला दिसतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसवलेला असतो, कागद कुठले, कुठल्या आजाराला योजना लागू, हे तो सांगतो. कल्पना उत्तम आहे. पण आरोग्यमित्र बसतो दाराच्या आत. जो योग्य दारापर्यंत पोहोचला त्यालाच तो भेटतो, आणि सगळी अडचण तर दार कुठलं, इथंच आहे.

या बाबतीत आपल्याकडची एक जुनी चाल विचार करायला लावते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी आईकडं जाते, घरादाराच्या दृष्टीनं ती हक्काच्या जागी गेली. पण आरोग्य खात्याच्या दृष्टीनं ती त्याच दिवशी परकी होते. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, लोखंडाच्या गोळ्या देणारी आशाताई सासरची, सोनोग्राफीचे कागद सासरच्या दवाखान्यातले. माहेरच्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी येऊन बाळ बघायचं, वजन करायचं, आईची विचारपूस करायची, असा नेम आहे. या बेचाळीस दिवसांत बाळंतीण एखाद्या वेळी माहेरून सासरी निघते, मध्ये बारसं होतं, कधी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी थेट तिसरीकडंच जाणं होतं. प्रत्येक मुक्कामी तिला नव्यानं कुणाच्या तरी यादीत शिरावं लागतं. तरीही ही व्यवस्था पुष्कळदा निभावते. का निभावते, हे बघण्यासारखं आहे. आशा त्याच गावची सून असते. कुणाच्या दारात दुपटी वाळत घातलीत, कुणाच्या घरून डिंकाच्या लाडवांचा वास येतोय, हे तिला यादीशिवाय कळतं, आणि ती आपणहून आत येते. हातातलं माता-बाल कार्ड मागून घेते, पुढच्या डोसची तारीख त्यावर लिहून देते. बाळंतिणीला काही शोधावं लागत नाही. शहरातल्या सातव्या मजल्यावर दुपटी बाहेर दिसत नाहीत, वॉचमन वर सोडत नाही, आणि बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत तर कोण कधी आलं आणि कधी गेलं हे मुकादमाखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तिथं तोच नेम कागदावर उरतो.

यावर कुणी म्हणेल, आता शोधायचं काय राहिलंय, सगळं फोनवर आहे. आहे खरं. फोनवर जवळचा दवाखाना दिसतो, तारे दिसतात, रस्ता दिसतो. पण फोन तुम्ही जे विचाराल तेच सांगतो, आणि नवख्या माणसाला नेमकं काय विचारायचं हेच कळलेलं नसतं. छातीत दुखतंय म्हणजे हृदयाचा डॉक्टर, की पित्ताचा, की आठवडाभर आराम? लहान मुलांच्या लसी गल्लीतल्या महापालिकेच्या दवाखान्यात ठरल्या दिवशी फुकट मिळतात, हे शोधायला तो दवाखाना आहे हे आधी माहीत हवं. मदतीच्या क्रमांकांचंही असंच होऊन बसलंय. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. एकेक क्रमांक आपल्या जागी ठीक, पण म्हाताऱ्या आईवर हात उगारणाऱ्या व्यसनी मुलाची तक्रार यांतल्या कुठल्या क्रमांकावर करायची? याउलट १०८ लोकांच्या तोंडी बसला. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या, आणि गाडीच्या अंगावर तो आकडा दुरून दिसेल एवढा रंगवलेला. पण नुसत्या रंगानं हे झालं नाही. १०८ ला फोन करणाऱ्याला रुग्णालय माहीत असावं लागत नाही. तो फक्त कुठं आहे ते सांगतो. कुठं न्यायचं ते पलीकडच्या माणसानं बघायचं असतं. शोधायचं काम तिथं एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं आहे. इंग्लंडला गेलेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ताटकळावं लागतं, याच्या तक्रारी आपण पुष्कळ ऐकतो. पण कुठं जायचं, हा प्रश्न तिथं पहिल्या आठवड्यातच मिटतो. राहत्या भागातल्या डॉक्टरकडं नाव घालायचं, पत्त्याचा पुरावा नसला तरी घालायचं, आणि पुढचं दार तो उघडणार. रांग लांब असेल, पण ती कुठं सुरू होते हे माहीत असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आपली माणसं असताना सरकारनं कशाला सांगायला हवं? आणि खरोखरच, मुंबई या आपल्या माणसांवरच उभी राहिली. गिरणगावातल्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या होत्या, धोबी तलावाला गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांची सामायिक बिऱ्हाडं होती. गावाहून उपचाराला आलेला माणूस आधी तिथं वळकटी टाकायचा. मग कुणीतरी केईएममध्ये वॉर्डबॉय असलेल्या गाववाल्याला निरोप धाडायचं. रक्ताचं नातं नसलेल्यांसाठी धर्मशाळा होत्या, अजून आहेत. टाटा रुग्णालयात देशभरातून येणाऱ्या कर्करुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नुसतं छत देत नाही. तिथं आधी आलेला रुग्ण नंतर आलेल्याला सांगतो की फाइल कुठं काढायची, रक्त कुठल्या मजल्यावर द्यायचं, आणि कुठल्या दिवशी लवकर निघायचं. अशी शिकवण कुठल्याही फलकावर लिहिता येणार नाही, हे मी बिनतक्रार मान्य करतो.

पण आपली माणसं हीच कधी कधी अडचण असते. सदाशिव पेठेत खाटेवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला रात्र रात्र झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते तो शेजारच्या खाटेवरच्या गाववाल्याला सांगेल का? ती गोष्ट दुसऱ्या दिवशी गावच्या पारावर असेल, याची त्याला खात्री असते. क्षयाचं निदान, नको असलेलं गरोदरपण, नवऱ्याची मारहाण, दारू सोडायची इच्छा, ही सगळी दुखणी आपल्या माणसांपासून लपवायची असतात. तिथं परकाच लागतो, पण विश्वासाचा. १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेनं स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, तो याच जाणिवेतून; पोलिसांपर्यंत आलेल्या बाईला तिथंच समाजकार्यकर्ती भेटावी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून या शतकाच्या आरंभी सुरू केलेलं ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र त्याहून एक पाऊल पुढचं. मार खाल्लेली बाई समुपदेशन केंद्र शोधत हिंडत नाही. ती टाके घालायला येते आणि ‘जिन्यावरून पडले’ असं सांगते. केंद्र रुग्णालयातच असलं, आणि टाके घालणाऱ्या नर्सला जिन्याच्या गोष्टीमागची गोष्ट ओळखता आली, तर मदत सहा पावलांवर असते. गाववाला हे करू शकत नाही. बहुतेक वेळा तो नवऱ्याचाच गाववाला असतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कमी आणि मनात जास्त असतो. वाट सोपी केली तर झुंबड उडेल, आणि बाहेरचेच सगळं खाऊन जातील. झुंबड आजही आहेच. ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जी दाटी असते, त्यात सर्दी-खोकल्याचे, खरजेचे, नुसतं रक्तदाब मोजून घ्यायला आलेले किती असतात, हे तिथं तासभर उभं राहिलं तरी कळतं. ते तिथं येतात कारण त्यांना ते एकच नाव ठाऊक आहे. घरामागचा महापालिकेचा दवाखाना रिकामा असतो आणि तिथला डॉक्टर वर्तमानपत्र वाचत असतो. म्हणजे वाट दाखवण्यानं गर्दी वाढत नाही. वाट न दाखवल्यानं ती एका ठिकाणी साचते. राहिला बाहेरच्यांचा प्रश्न. ज्यांनी इमारती बांधल्या, ते त्या इमारतींच्या शहरात किती दिवस बाहेरचे राहायचे, याचं उत्तर आरोग्य खात्यानं द्यायचं नाही. ताप मात्र आतला-बाहेरचा बघत नाही, हे डासांच्या हंगामात प्रत्येक सोसायटीला समजतं.

शहराला हे जमत नाही असंही म्हणता येत नाही. जमतं, पण भीती वाटली की जमतं. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं गोरे सोजिर घरोघर शिरले आणि रुग्ण हुडकून काढू लागले. माणसं रुग्णांना माळ्यावर लपवू लागली. त्या शोधात रुग्णापेक्षा रोगाचा धाक मोठा होता, आणि त्याची किंमत जून महिन्यात रँडला जीव देऊन मोजावी लागली. याच प्लेगात, या झडत्या सुरू व्हायच्या थोडं आधी, सावित्रीबाई फुले हडपसरच्या बाजूला मुलगा डॉ. यशवंत यानं माळावर थाटलेल्या दवाखान्यात रुग्ण आणून पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला शोधत जाणारे दोन्हीकडं होते. एकाच्या चाहुलीनं दारं बंद होत होती, दुसरीच्या पाठीवर लोक आपलं पोर देत होते. आजही क्षयरुग्णानं गाव बदललं की त्याची नोंद ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरून नव्या गावी जाते आणि तिथला कर्मचारी फोन करून विचारतो, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ मधुमेह्याला असा फोन येत नाही, कारण मधुमेह शेजाऱ्याला लागत नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत मुंबईच्या २४ प्रभागांत वॉर रूम उघडल्या. खाट कुठं रिकामी आहे ते रुग्णाच्या घरच्यांनी रुग्णालयं पालथी घालून शोधायचं नव्हतं, प्रभागानं शोधून द्यायचं होतं. ढिसाळपणा तिथंही झाला असेल, पण काम कुणाचं, याबद्दल त्या काळात शंका नव्हती. साथ ओसरली आणि ते काम गुपचूप पुन्हा रुग्णाच्या घरच्यांकडं आलं.

खर्चाचं कारण फार पुढं करता येईल असं वाटत नाही. स्वारगेटला एसटीच्या चौकशीची खिडकी असते, रेल्वे स्थानकावर आरक्षणाची असते. त्यांच्या शेजारी आणखी एक टेबल, एक खुर्ची, आणि शहरातली दवाखान्यांची, केंद्रांची, योजनांची वाट पाठ असलेली एक बाई किंवा बुवा. माणसं तयार आहेत. समाजकार्याच्या इतिहासात नोंद आहे की देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं, आणि वॉर्डातले लोक ‘एमएसडब्ल्यू मॅडमना भेटा’ असं सांगतात तेव्हा निम्मी अडचण सुटलेली असते. त्यांना इमारतीबाहेर बसवायचं, एवढंच. मला वाटतं, खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची असावी. अशा टेबलावर बसणाऱ्याला एक वही ठेवावी लागेल. कोण आलं, काय विचारलं, कुठं पाठवलं. आणि कितीतरी ओळींत शेवटच्या रकान्यात ‘कुठं पाठवायचं ते नाही’ असं लिहावं लागेल. डायलिसिसची पाळी नाही, मानसोपचाराची खाट नाही, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला दिवसभर सांभाळणारी जागा नाही. आज ही माणसं विखरून फिरतात आणि आपल्यालाच शोधता आलं नाही असं समजून परत जातात. तीच एका वहीत तारीखवार उतरली, की सहा महिन्यांनी ती वही कुणीतरी माहितीच्या अधिकारात मागणार.